ऐकू येते, पण कळत नाही

(करी रोड येथे ज्येष्ठ नागरिक, शिक्षक आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रवणयंत्र या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपली इच्छा आहे. मी वैद्य नाही आणि श्रवणतज्ज्ञही नाही. शास्त्राने सिद्ध केलेली आणि शासनाच्या योजनांतून उपलब्ध झालेली उपयुक्त माहिती लोकांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य होय, आणि त्याच नात्याने मी आपल्यासमोर उभा आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या, किंवा वापरून सोडून दिलेल्या, वृद्धांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते. "ऐकू येते हो, पण कळत नाही." घरच्यांना हे वाक्य हट्टाचे वाटते. ऐकू येते तर कळत कसे नाही, असे सून विचारते, मुलगा विचारतो, आणि मग घरात उगाच कटुता निर्माण होते. वास्तविक हे वाक्य अतिशय अचूक आहे. श्रवणदोषाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण. आवाज कानी पडणे ही एक गोष्ट, आवाजातील शब्द उमगणे ही दुसरी, आणि तो आवाज दिवसभर सुखाने सोसणे ही तिसरी गोष्ट होय. या तिन्हींचा मेळ श्रवणयंत्राच्या जुळवणीतून घालावा लागतो. ही जुळवणी म्हणजे काय, आणि ती नीट न झाल्यास चांगले यंत्रही कपाटात का जाऊन पडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

साचेखात्यातून आलेले बहिरेपण

या विषयाची चर्चा करी रोडला व्हावी, हे योग्यच आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी हा सारा परिसर भोंग्याच्या हाकेवर जगू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या वेळी पंचवीस-तिशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे गेलेला आहे. त्यांपैकी काहीजण अजून याच चाळींतून राहतात. पुष्कळजण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील आपापल्या गावी परतले. म्हणूनच हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या पंचायत सदस्यांनाही तो आपल्या गावातल्या ओटीवर बसलेला दिसेल.

साचेखात्यात धोटा इकडून तिकडे फेकला जाई, आणि त्या प्रत्येक फेकीचा आघात शेकडो मागांवर एकाच वेळी घुमत असे. धोट्याच्या मागांच्या अशा खात्यात आवाजाची पातळी सर्वसाधारणपणे ९५ ते १०५ डेसिबल इतकी असते. आपल्याकडील कारखाना नियमांनी घालून दिलेली मर्यादा ९० डेसिबलला दिवसाचे आठ तास, ९५ डेसिबलला चार तास आणि १०० डेसिबलला दोन तास, अशी आहे. म्हणजे १०० डेसिबलच्या खात्यात पूर्ण पाळी करणारा माणूस मर्यादेच्या चौपट वेळ आवाजात उभा राहत होता, आणि तोही पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे. शेजारच्याशी बोलायचे तर खुणा कराव्यात किंवा ओठ वाचावेत, हे जगातल्या सगळ्याच विणखात्यांत घडले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या विणकर स्त्रियांची ओठांच्या हालचालींनी बोलण्याची पद्धत तर प्रसिद्धच आहे.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म केशपेशी असतात. बाहेरच्या ओळींतील सुमारे बारा हजार आणि आतल्या ओळीतील सुमारे साडेतीन हजार, एवढीच ही पुंजी. एकदा नष्ट झालेली केशपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. सततच्या कर्कश आवाजाने प्रथम ज्या पेशी निकामी होतात, त्या ३,००० ते ६,००० हर्ट्‌झ या उंच स्वरांच्या पट्ट्यातील, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या असतात. खालचे स्वर बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे कामगाराला आपले काही हरवले आहे याचा पत्ताच लागत नाही. भोंगा ऐकू येतो, गाडीची धडधड ऐकू येते, मुकादमाची हाक ऐकू येते. पुढे वयपरत्वे येणारा श्रवणदोषही उंच स्वरांपासूनच सुरू होतो, आणि मग गिरणीने दिलेले व वयाने दिलेले असे दोन्ही ओझे एकाच कानावर पडते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात १९८७ साली जी दुरुस्ती झाली, तिने आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाला अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले. तोवर संपाला पाच वर्षे लोटली होती, आणि अनेक साचेवाल्यांचा गिरणीशी संबंध कायमचा तुटलेला होता.

शब्दाचा अर्थ कोठे राहतो?

आता "कळत नाही" याचे कारण पाहू. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, आणि अर्थाचा मोठा वाटा व्यंजनांत असतो. आ, ऊ, ओ यांसारख्या स्वरांची मुख्य शक्ती खालच्या पट्ट्यात असते. 'श'चा जोर साधारणतः २,००० ते ४,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात आणि 'स'चा त्याच्याही वर असतो. ख, ठ, थ, फ यांतील महाप्राणाचा जो श्वास आहे, तोही असाच क्षीण आणि हवेसारखा असतो. नेहमीच्या संभाषणात सर्वांत जोरकस स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्यात सुमारे ३० डेसिबलचे अंतर पडते.

मराठीत या क्षीण आवाजांवर किती गोष्टी अवलंबून आहेत, हे पाहण्यासारखे आहे. साल, शाल आणि चाल. पळ आणि फळ. पाट आणि पाठ. कार, खार आणि चार. उंच स्वर हरवलेल्या कानाला यांतला 'आ' अगदी स्पष्ट ऐकू येतो, आणि शब्द कोणता ते मात्र अंदाजाने ठरवावे लागते. सात आणि साठ यांतील भेद तर व्यवहाराचा आहे. दुकानदाराने सांगितलेली किंमत, बँकेतील रक्कम, औषधाचे प्रमाण, यांत सात की साठ हे चुकून चालणार नाही. नातवंडांचे आणि स्त्रियांचे आवाज मुळातच उंच, म्हणून मित्राचे बोलणे समजते आणि नातीचे समजत नाही, असा अनुभव येतो. त्यात प्रेमाचा अथवा दुर्लक्षाचा काही संबंध नसतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अशा माणसाच्या कानाशी ओरडून उपयोग नाही. ओरडण्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने जिथल्या तिथेच राहतात. सारे आवाज सारखेच वाढविणारे यंत्रही नेमके हेच करते. ते विद्युतशक्तीवर ओरडते, एवढाच फरक.

पाऊण आणि सव्वाचा हिशेब

यंत्राची पहिली जुळवणी म्हणजे कोणत्या पट्टीला किती वाढ द्यावयाची, हे ठरविणे. त्यासाठी प्रथम श्रवणालेख काढतात. २५० पासून ८,००० हर्ट्‌झपर्यंत निरनिराळ्या पट्ट्यांत माणसाला किमान किती डेसिबलचा आवाज ऐकू येतो, याचा तो आलेख होय. दोष ५० डेसिबलचा असला म्हणजे वाढही ५० ची द्यावी, असे सामान्य माणसाला वाटेल. पण तसे केल्यास आवाज असह्य होतो. १९४४ मध्ये सॅम्युअल लायबार्गर या अमेरिकन तंत्रज्ञाने असे दाखवून दिले की, साधारणपणे दोषाच्या निम्मी वाढ माणसाला सुखावह वाटते. आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेने तयार केलेली सूत्रे, तसेच मुलांसाठी कॅनडात विकसित झालेली सूत्रे संगणकात भरलेली असतात. पूर्वी यंत्राच्या पाठीवरील बारीक स्क्रू पेचकसाने फिरवून जे काम होई, ते आता संगणकाच्या पडद्यावर होते. साधन बदलले, प्रश्न तोच आहे.

निम्म्या वाढीचे कारण समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. निकोप कानाला जवळजवळ शून्यापासून १०० डेसिबलपर्यंतचे आवाज सामावतात. एखाद्या साचेवाल्याला ५५ च्या खालचे काहीच ऐकू येत नाही, असे समजा. पण म्हणून त्याची सहनशक्ती ५५ ने वाढत नाही. १०० चा आवाज त्यालाही तितकाच टोचतो. शंभर खणांच्या घरात राहणाऱ्या माणसाला एकाएकी पंचेचाळीस खणांत संसार मांडावा लागावा, तशी ही स्थिती आहे.

आता हळू बोलणे ५० डेसिबल, नेहमीचे बोलणे ६५ आणि मोठ्याने बोलणे ८० असे धरू. यंत्राने सरसकट २५ ची वाढ दिली तर हळू बोलणे ७५ ला जाते, ते ठीक. नेहमीचे बोलणे ९० ला जाते, ते जड वाटते. मोठ्याने बोलणे १०५ ला जाते, आणि माणूस यंत्र काढून टेबलावर ठेवतो. याउलट हळू आवाजाला २५, मध्यम आवाजाला १८ आणि मोठ्या आवाजाला १० अशी उतरती वाढ दिली, तर तेच आवाज ७५, ८३ आणि ९० वर येतात. तिन्ही ऐकू येतात, आणि एकही टोचत नाही. या उतरत्या वाढीला ध्वनिसंकोचन म्हणता येईल. आजच्या बहुतेक अंकीय यंत्रांत ही सोय असते. ती आहे म्हणून भागत नाही, त्या विशिष्ट कानासाठी तिचे आकडे बसवावे लागतात.

संकोचनाचा वेगही महत्त्वाचा आहे. तो जलद ठेवला तर जोरकस स्वरामागून येणारे क्षीण व्यंजन लगेच उचलले जाते, पण दोन शब्दांमधील पंख्याचा आवाजही त्याबरोबर वर येतो. तो मंद ठेवला तर ऐकणे अधिक स्वाभाविक वाटते, पण काही व्यंजने निसटतात. कोणाला काय मानवेल, हे वापरून पाहिल्यावरच ठरते.

याखेरीज यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाची कमाल मर्यादाही स्वतंत्रपणे बांधता येते. स्वयंपाकघरात पातेले पडले, कोणी दार आपटले, खिडकीखाली हॉर्न वाजला, तरी कानावर एका ठरावीक पातळीपलीकडे आघात होऊ नये, यासाठी ही मर्यादा असते. ती फार उंच ठेवली तर माणूस दचकत राहतो. फार खाली ठेवली तर बोलणे दबलेले आणि चिरडलेले वाटते.

स्पष्टता आणि सुख यांचा झगडा

मित्रहो, या विषयातील सर्वांत नाजूक भाग आता येतो. स्पष्टतेसाठी जे आवश्यक असते, तेच पुष्कळदा सुरुवातीला असुखकर वाटते.

ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षे 'स' आणि 'श' ऐकलेलेच नाहीत, त्याच्या कानात ते एके दिवशी परत आले म्हणजे त्याला आनंद होईल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात त्याला वर्तमानपत्राची सळसळ, नळाची धार, फोडणीचा चुरचुराट आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज यांनी भंडावून सोडल्यासारखे होते. "आवाज पत्र्यासारखा येतो" अशी तो तक्रार करतो. यंत्र बसविणारा घाईत असेल तर तो उंच पट्टीची वाढ कमी करून टाकतो. आवाज ताबडतोब गोड आणि मऊ होतो, आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. पण ज्या व्यंजनांसाठी यंत्र घेतले, तीच व्यंजने त्या एका बदलाने पुन्हा नाहीशी झालेली असतात. महिन्याभरात तक्रार येते: "यंत्र चांगले आहे, आवाज छान येतो, पण कळत नाही."

म्हणजे लगेच सुखावह वाटणारी जुळवणी योग्यच असेल, असे समजता येत नाही. त्याचप्रमाणे, सूत्राने सांगितलेली पूर्ण वाढ पहिल्याच दिवशी लादून "सवय होईल" असे सांगणेही योग्य नाही. कारण सवय होण्यापूर्वीच यंत्र पेटीत जाते. शहाणपणाचा मार्ग मधला आहे. आरंभी उंच पट्टीची वाढ किंचित कमी ठेवावी, यंत्र रोज नियमाने वापरावे, आणि दोन-तीन भेटींत काही आठवड्यांच्या अवधीने ती वाढ क्रमाक्रमाने सूत्राच्या जवळ न्यावी. मेंदू हळूहळू पंख्याचा आवाज बाजूला सारण्यास आणि 'स' ओळखण्यास पुन्हा शिकतो. पहिले काही दिवस घरातल्या शांत वेळी, एका माणसाशी बोलताना यंत्र लावावे. मग दोघे-तिघे असताना, मग गॅलरीत, आणि शेवटी बाजारात. करी रोडच्या स्थानकावर पहिल्याच संध्याकाळी यंत्राची परीक्षा घेणे म्हणजे नुकत्याच बऱ्या झालेल्या पायाने पर्वती चढण्यासारखे आहे.

सूत्र सरासरी कानासाठी असते, आणि प्रत्येकाची कर्णनलिका वेगळी असते. म्हणून शक्य असेल तेथे कानात बारीक नळी ठेवून, यंत्र लावलेले असताना पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो याचे मोजमाप करावे, असे शास्त्र सांगते. शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा अंगावर घालून पाहण्यासारखेच हे आहे.

हंड्यातला आवाज, शिट्टी आणि गर्दी

कानात बसविण्याच्या भागालाही आपल्याकडे साचा म्हणतात. गिरणीतल्या मागालाही साचाच म्हणत. एका साच्याने हिरावलेले दुसऱ्या साच्याने काही अंशी परत मिळवावे, असा हा योग आहे. हा कानातला साचा कर्णनलिका पूर्ण बंद करीत असेल, तर स्वतःचा आवाज आत कोंडतो आणि हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. ज्यांचे खालचे स्वर शाबूत आहेत, आणि साचेवाल्यांपैकी बहुतेकांचे ते असतात, त्यांच्यासाठी साच्याला छिद्र ठेवणे किंवा मोकळी टोपी वापरणे सोयीचे असते. मात्र छिद्र मोठे झाले आणि वाढही पुष्कळ असली, तर बाहेर पडलेला आवाज पुन्हा यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजते म्हणून आवाज कमी करणे हा शेवटचा उपाय असावा. आधी साचा नीट बसला आहे काय आणि कानात मळ साचला आहे काय, हे पाहावे.

गर्दीतील ऐकण्यासाठी यंत्रांत दोन सोयी असतात, आणि त्यांची गल्लत होऊ नये. गोंगाट कमी करणारी सोय पंखा, गाडी, यंत्रसामग्री यांचा एकसुरी आवाज खाली आणते. तिने थकवा आणि त्रास कमी होतो, पण केवळ तिच्यामुळे शब्द अधिक कळू लागतील अशी अपेक्षा करू नये. दिशादर्शी मायक्रोफोन समोरच्या बाजूचा आवाज अधिक घेतो आणि मागचा कमी घेतो. शब्द कळण्यास त्याची खरी मदत होते, परंतु बोलणारा समोर आणि गोंगाट पाठीमागे असेल तेव्हाच. म्हणून समारंभात आजोबांना भिंतीकडे तोंड करून बसवू नये. त्यांची पाठ गोंगाटाकडे आणि तोंड माणसांकडे असावे. गणेशोत्सवात ढोल-ताशांच्या अगदी जवळ जाण्याचा प्रसंग आलाच, तर यंत्र काढून ठेवणे आणि उरलेल्या श्रवणशक्तीला जपणे हेच इष्ट.

तक्रार कशी सांगावी?

श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन "बरोबर नाही" एवढेच सांगितले, तर त्याने काय बदलावे? आमच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि घरच्यांनी पुढील भेद ध्यानी ठेवले, तर वृद्धांना मोठे साहाय्य होईल.

आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाहीत, अशी तक्रार असल्यास उंच पट्टीची वाढ तपासावी लागेल. भांडे पडले की दचकायला होते, असे असल्यास कमाल मर्यादा आणि मोठ्या आवाजांना मिळणारी वाढ पाहावी लागेल. स्वतःचा आवाज घुमतो, असे असल्यास साच्याचे छिद्र आणि खालच्या पट्टीची वाढ पाहावी लागेल. जवळचे समजते पण हळू बोललेले समजत नाही, असे असल्यास क्षीण आवाजांची वाढ अपुरी आहे. घरात समजते आणि गर्दीत समजत नाही, असे असल्यास दिशादर्शी सोय चालू आहे किंवा नाही, हे विचारावे. कोठे, केव्हा आणि कोणाचे बोलणे कळले नाही, याची आठ दिवसांची टिपणे एका कागदावर करून न्यावीत. त्या कागदाची किंमत यंत्राइतकीच आहे.

शिक्षकांसाठी एक सोपी रोजची कसोटी आहे. डॅनियल लिंग या श्रवणशिक्षणतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. म्, आ, ऊ, ई, श् आणि स् हे सहा ध्वनी विद्यार्थ्याच्या मागे उभे राहून, ओठ दिसू न देता, नेहमीच्या आवाजात उच्चारावेत आणि मुलाने ते परत म्हणावेत. खालपासून वरपर्यंतच्या पट्ट्या यात येऊन जातात. काल 'स्' ऐकणाऱ्या मुलाने आज तो ऐकला नाही, तर यंत्रात किंवा कानात काही बिघडले आहे, हे वर्ग सुरू होण्यापूर्वीच कळते. घरी आजी-आजोबांसाठीही हीच कसोटी चालेल.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलावा व घाम हे यंत्राचे शत्रू ठरतात. रात्री यंत्र काढून सेलचे झाकण उघडे ठेवावे, आणि ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ते ठेवावे. बारीक बटनसेलवरील चिकटपट्टी वापरण्याच्या वेळीच काढावी. ती काढताच सेल हवेशी संयोग पावून काम करू लागतो, आणि मग वापरला नाही तरी झिजत जातो.

घरातल्या माणसांनी दोन-चार गोष्टी पाळाव्यात. बोलण्यापूर्वी दूरचित्रवाणीचा आवाज बंद करावा. तोंडावर उजेड पडेल असे समोर बसून बोलावे. ओरडू नये, थोडे सावकाश बोलावे. एखादे वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही, तर तेच तिसऱ्यांदा न सांगता वेगळ्या शब्दांत सांगावे. दहा बाय बाराच्या खोलीत, गुळगुळीत भिंती आणि लाद्या यांवरून आवाज परतत असताना कोणतेही यंत्र एकट्याने सारे काम करू शकत नाही. जाड पडदा आणि जमिनीवर सतरंजी यांचाही उपयोग होतो.

योजना आणि आपली जबाबदारी

दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून सुरू आहे. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाक् व श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. परळचे के.ई.एम. आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची रुग्णालये गिरणगावाला जवळची आहेत. बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. निकषांत बसणाऱ्या गरजू ज्येष्ठ नागरिकांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधने घेण्यासाठी एकरकमी ३,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली, आणि त्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश आहे.

अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार, ज्याच्या दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातील दोष ६० ते ७० डेसिबलचा आहे, ती व्यक्ती श्रवणदोषी मानली जाते, आणि त्यापुढची बधिर. पण साचेवाल्याचे खालचे स्वर शाबूत असल्यामुळे त्याची सरासरी पुष्कळदा ६० च्या आत येते. तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि तरीही नातीचे बोलणे त्याला कळत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून गरज नाही, असे समजू नये. अशांसाठी वयावर आधारलेल्या योजनांचा मार्ग त्यांच्या निदर्शनास आणून द्यावा.

दुसरी गोष्ट शिबिरांची. व्यासपीठावर यंत्र हाती दिले, छायाचित्र निघाले, आणि यादीवर खूण झाली, म्हणजे काम संपले असे होत नाही. चष्म्याचे भिंग एकदा बसविले की दिसू लागते. श्रवणयंत्राचे तसे नसते. वाटपाच्या दिवसानंतर तीन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी जुळवणीची फेरी ठेवणे, हा त्या शिबिराचाच भाग समजावा. आपल्या अहवालात किती यंत्रे वाटली हा रकाना असतो. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती यंत्रे कानावर होती, असा दुसरा रकाना त्याशेजारी आखावा. तो आखण्यास वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही. गावातील आशा कार्यकर्ती, ग्रामपंचायत अधिकारी किंवा शिक्षक घरोघरी विचारून तो भरू शकतील. पहिल्या रकान्यातील संख्येने शासनाचा खर्च समजतो आणि दुसऱ्या रकान्याने त्या खर्चाचे फळ समजते.

ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणेच टाळतो. तो लग्नाला जात नाही, सभेला येत नाही, गॅलरीत बसत नाही. २०१७ पासून वैद्यकशास्त्रातील 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या तज्ज्ञसमितीने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे. तेव्हा हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

या सभागृहात अनेक साचेवाले बसले आहेत. त्यांपैकी ज्यांच्याकडे यंत्र आहे पण ते कपाटात आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. ते यंत्र फेकू नका, आणि नव्या यंत्राच्या शोधातही लगेच निघू नका. सेल बदला, कान तपासून घ्या, तक्रारींचा कागद तयार करा आणि यंत्रासह श्रवणतज्ज्ञाकडे जा. पहिल्या भेटीत जमले नाही, तर दुसऱ्यांदा जा. साच्यावर तुटलेला धागा जोडताना आपण कधी कंटाळला नाहीत. हाही तसाच धागा आहे.